इन्फंट्रीतच जायचंय, पण अग्निवीर, एनडीए की डिग्री करून सीडीएस?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय १८ वर्षं २ महिने, बारावी सायन्स चालू, १.६ किलोमीटर साडेपाच ते पावणेसहा मिनिटांच्या मधे येतंय, आणि जायचं तर इन्फंट्रीतच, म्हणजे पायदळात. वडील म्हणतात अग्निवीरला बस, म्हणजे चार वर्षांसाठी जवान, पगार लगेच चालू होईल. मामा म्हणतात घाई करू नको, एनडीए दे, म्हणजे बारावीवर ऑफिसर व्हायची परीक्षा. ज्या खाजगी भरती अकॅडमीत चौकशीला गेलास तिथले सर म्हणतात कॉलेज सोड, वर्षभर इथं राहा, भरती करून देतो. आणि तुझ्या मनात तिसरा रस्ता आहे, डिग्री करून सीडीएस, म्हणजे पदवीवर ऑफिसर व्हायची परीक्षा. तुला विचारायचंय की यातला कुठला रस्ता धरू.

मी आयुष्यभर पायदळात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला रंगरूट, म्हणजे नवीन जवान, शिकवण्यात गेली, आणि रिटायर झाल्यापासून पोरांचं ग्राऊंड आणि फॉर्म दोन्ही बघतो. त्यामुळे जे सांगतोय ते पोरांना आत येताना आणि आत आल्यावर बघून सांगतोय.

तू तिन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवलेस आणि चांगला कुठला असं विचारतोयस, तिथंच गडबड होते. या तिन्हींची वयाची मुदत वेगळी आहे आणि आत गेल्यावरचं काम पण वेगळं आहे. म्हणून आधी दोन गोष्टी स्वतःशी नक्की कर. एक, पलटणीत तुला काय काम करायचंय. दोन, तुझ्या जन्मतारखेप्रमाणे कुठलं दार कधी बंद होतंय. घरच्या पैशाचा विषय तिसरा, आणि तो तुझ्या घरचाच, त्यावर मी बाहेरून बोलू शकत नाही, फक्त हिशोब सांगू शकतो.

कामाचं आधी. जवान म्हणून गेलास तर तू दहा जणांच्या सेक्शनमधला एक, वर सेक्शन कमांडर हवालदार, तुझं हत्यार, तुझी पोस्ट, तुझा पहारा, गस्तीत तुझी जागा. हे काम जीव लावून शिकायचं असतं, चांगला एलएमजीवाला (लाईट मशीन गन चालवणारा) किंवा चांगला स्काऊट (सगळ्यात पुढं राहून वाट बघणारा) पूर्ण पलटणीत ओळखला जातो. ऑफिसर म्हणून गेलास तर बावीस-तेविसाव्या वर्षी तीसएक माणसं तुझ्या हाताखाली, त्यातले अर्धे तुझ्यापेक्षा वयाने मोठे, आणि त्यांचं फायरिंग, त्यांची रजा, घरचं आजारपण, जमिनीची भांडणं, गस्तीवर कुठल्या वाटेने जायचं, सगळं तुझ्या डोक्याला. चालायचं दोघांना सारखंच, थंडी दोघांना सारखीच, पण डोक्यावरचं ओझं वेगळं. पोरांना वाटतं ऑफिसर म्हणजे वरचा आणि जवान म्हणजे खालचा, म्हणून जमलं तर ऑफिसर नाहीतर जवान. असा विचार करून आलेला पोरगा सेंटरला लगेच ओळखू येतो. एसएसबीतून, म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखतीतून, परत आलेला एक पोरगा मी बघितलाय, धावायला चांगला, डोक्याने तल्लख, पण पहिले काही महिने तो मनाने तिथं नव्हताच, हत्यार खोलायला लावलं तरी लक्ष दुसरीकडे. त्याच बॅरेकमधला दुसरा, दहावीला जेमतेम मार्क, पण त्याला हेच पाहिजे होतं, तो शेवटी फायरिंगला पुढे गेला. दोघांच्या ताकदीत फार फरक नव्हता.

तुझा कल कुठं आहे हे बघायची साधी रीत सांगतो. पाच-सहा मित्र मिळून कुठं बाहेर गेलात, गाडी चुकली, रात्र झाली, तर पुढं काय करायचं हे आपोआप तू ठरवायला लागतोस का, आणि ठरवलेलं चुकलं तर त्याचा राग स्वतःवर घेतोस का? का कोणीतरी सांगितलं की ते काम मात्र तू सगळ्यात चोख करतोस? दोन्ही प्रकारची माणसं फौजेला लागतात. पण उत्तर खरं दे, एसएसबीमध्ये पाच दिवसांत ते तसंही बाहेर येतं.

आता वयाचं, आणि हे नीट वाच कारण इथं पोरं दरवर्षी फसतात. एनडीएला वय साडेसोळा ते साडेएकोणीस असं सगळे सांगतात, म्हणून तू धरून चाललायस की तुझ्याकडे अजून सव्वा वर्ष आहे. तसं नाहीये. ते वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, कोर्स सुरू होतो त्या सुमाराला मोजतात, आणि लेखी परीक्षा त्याच्या साधारण नऊ-साडेनऊ महिने आधी असते. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. म्हणजे लेखीला बसताना तुझं वय साधारण १८ वर्षं ८-९ महिन्यांच्या आत पाहिजे. तुझ्या हिशोबाने हातात एक परीक्षा आहे, दुसरी बसेल असं वाटत नाही. यूपीएससीच्या जाहिरातीत जन्मतारखेची खिडकी स्पष्ट छापलेली असते, अमुक तारखेच्या आधी नको अमुक नंतर नको, ती बघून घे. बारावीला बसलेला चालतो, आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते, अविवाहित पाहिजे.

म्हणून मामांचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर की हे दार सगळ्यात आधी बंद होतंय, तर एक प्रयत्न मारून घे. बारावीचा अभ्यास चालूच आहे, गणिताचा पेपर ३०० मार्कांचा आणि तो बराचसा अकरावी-बारावीच्याच गणितावर, दुसरा पेपर इंग्लिश आणि सामान्य ज्ञान-विज्ञान मिळून ६०० चा. मग एसएसबी ९०० ची, म्हणजे लेखीइतकंच वजन मुलाखतीला. लेखीत आलास तर पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं, बुद्धीचाचणी आणि एक चित्र दाखवून गोष्ट लिहायची मग ग्रुपमध्ये बोलायचं, बरीच पोरं तिथूनच घरी येतात. आपल्याकडच्या पोरांना इंग्लिशची भीती फार. उच्चार कोणी बघत नाही, पण वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे, म्हणून आजपासून रोज दहा मिनिटं मोठ्याने इंग्लिशमध्ये बोल, विषय कुठलाही घे. निवड झाली तर खडकवासल्याला तीन वर्षं, डिग्री जेएनयूची मिळते, मग डेहराडूनला आयएमएत, म्हणजे इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत, एक वर्ष.

एनडीए नाही झालं तर? नाही होण्याचीच शक्यता जास्त, जागा थोड्या आणि देशभरातली पोरं, त्यात कमीपणा काही नाही. तेव्हा अग्निवीर आणि डिग्री असे दोन रस्ते उरतात.

अग्निवीरचं मी तुला आणि तुझ्या वडिलांना दोघांना सांगतो, कारण अर्धी माहिती ऐकून घरं निर्णय घेतात. योजना जून २०२२ मध्ये आली. नोकरी चार वर्षांची, ट्रेनिंग धरून. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पण हातात २१,०००, बाकीचे ३० टक्के सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढेच घालतं. दुसऱ्या वर्षी ३३,०००, मग ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००, कापणी तीच. चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख एकदम हातात. विमा ४८ लाखांचा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, वर्षाला रजा ३० दिवस, चार वर्षं लग्न करता येत नाही, आणि मधेच स्वतःच्या मर्जीने सोडून येता येत नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना कायम ठेवतात, त्यांना पुढं किमान १५ वर्षं सेवा. बाकीच्यांना निमलष्करी दलांमध्ये राखीव जागा आणि वयाची सवलत आहे.

वडिलांना सांग, हिशोब असा मांडा की आपला पोरगा त्या २५ टक्क्यांत नसेल. असला तर आनंदच आहे. पण नसेल तर बाविसाव्या वर्षी तो घरी येतो तेव्हा त्याच्या हातात ते पैसे सोडून काय आहे? इथं सगळा खेळ डिग्रीचा आहे. डिग्री असेल तर बाविसाव्या वर्षी सीडीएस देता येते, आयएमएसाठी वय १९ ते २४ आहे, तेही कोर्स सुरू होतो त्या सुमाराचं, म्हणजे साधारण वर्षभर हातात, आणि चार वर्षं पलटणीत काढलेला पोरगा एसएसबीत बसतो तेव्हा त्याच्या बोलण्यात खरेपणा असतो. डिग्री नसेल तर ते दार बंद, पोलीस भरती वगैरेच्या रांगेत परत पहिल्यापासून. अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवीची सोय आहे, फौजेतल्या ट्रेनिंगचे क्रेडिट त्यात धरतात. हे मी प्रत्येक पोराला सांगतो की पलटणीत गेल्या गेल्या पहिल्या वर्षीच नाव नोंदव. फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या ड्युटीला, अभ्यास होत नाही हे खरंय, पोस्टवर पहारा करून आल्यावर पुस्तक हातात धरायचं त्राण नसतं, पण पीस स्टेशनला, म्हणजे शांत ठिकाणच्या छावणीत, संध्याकाळ मिळते, आणि पेपरच्या वेळी सीनियरशी आधीपासून बोलून ठेवलं तर बहुतेक जण मदत करतात.

वय मूळ योजनेत साडेसतरा ते २१ आहे, तू ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीची जाहिरात बघ. म्हणजे हे दार तुला अजून दोन-तीन वर्षं उघडं आहे. यासाठी आजच्या आज कॉलेज सोडायची काय गरज?

डिग्रीच्या रस्त्यात माझी एकच आग्रहाची सूचना, कॉलेज निवडताना तिथं एनसीसी आर्मी विंग आहे का ते आधी बघ आणि मग ॲडमिशन घे. बाकी कॉलेजचं नाव, बिल्डिंग, लांब का जवळ हे नंतर. एनसीसीची निवड पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते, जागा कमी असतात, पळायला लावतात, तू पळतोसच. तीन वर्षांत सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं मिळालं आणि डिग्रीला ५० टक्के पडले तर एनसीसी स्पेशल एंट्रीने लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं. आपल्या खेड्यातल्या पोरांसाठी हा एवढा चांगला रस्ता आहे आणि निम्म्या पोरांना तो तिसऱ्या वर्षाला कळतो, तेव्हा काही करता येत नाही. शिवाय एनसीसीच्या सर्टिफिकेटचे बोनस मार्क अग्निवीरच्या मेरिटला पण धरतात, म्हणजे ते वाया कुठंच जात नाही.

आणि सीडीएस डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असताना पण देता येते. आयएमएसाठी इंग्लिश, जीके, गणित असे तीन पेपर, ओटीएसाठी, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीसाठी, गणित नाही. आयएमएचं ट्रेनिंग दीड वर्षाचं आणि कमिशन पर्मनंट, ओटीएचं ४९ आठवड्यांचं आणि कमिशन शॉर्ट सर्व्हिस, १० वर्षं, पुढं ४ वर्षं वाढवता येतात. एनसीसी एंट्री पण ओटीएतच जाते. लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० आहे, आणि ॲकॅडमीत शेवटच्या टप्प्यात स्टायपेंड पण तेवढाच मिळतो, हे वडिलांच्या कानावर घाल.

आतापर्यंतचं थोडक्यात: एनडीएचं दार सगळ्यात आधी बंद होतंय म्हणून ते आत्ता. मग एनसीसीवालं कॉलेज. कॉलेज चालू असताना दरवर्षी अग्निवीरचा फॉर्म भरत राहा. डिग्रीच्या शेवटच्या वर्षी सीडीएस आणि एनसीसी एंट्री. घरी कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, वडिलांची तब्येत बरी नाही, असं काही असेल तर अग्निवीरचा फॉर्म पहिल्याच वर्षी मनापासून भर, निवड झाली की जा, आणि डिग्री इग्नूतून. त्यात चुकीचं काही नाही, फक्त डिग्री सोडू नको.

इन्फंट्रीच पाहिजे म्हणालास, त्याबद्दल. अग्निवीर जीडीमध्ये (जनरल ड्युटी) निवड झाली म्हणजे इन्फंट्रीच मिळेल असं नाही, कुठल्या आर्ममध्ये (फौजेच्या शाखेत) आणि कुठल्या रेजिमेंटला पाठवायचं ते गरजेप्रमाणे ठरतं. आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात मराठा लाईट इन्फंट्री असते, १७६८ पासूनची रेजिमेंट, सेंटर बेळगावला, अभिमान वाटणारच. पण महार रेजिमेंटचं सेंटर सागरला आहे, गार्ड्सचं कामठीला, मेकनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, आणि अग्निपथमध्ये भरती ऑल इंडिया ऑल क्लास अशीच सांगितलीय, तेव्हा अमुकच रेजिमेंट पाहिजे असा हट्ट मनात धरून जाऊ नको. ऑफिसरच्या बाबतीत ॲकॅडमीच्या शेवटी आवड विचारतात, आवड, मेरिट आणि जागा तिन्ही बघून आर्म मिळतं, आणि सगळ्यात जास्त जागा इन्फंट्रीच्याच असतात, त्यामुळे जो मनापासून इन्फंट्री मागतो त्याला ती मिळायला फारशी अडचण येत नाही. पुढं यंग ऑफिसर्स कोर्स महूच्या इन्फंट्री स्कूलला, कमांडोचा बेळगावला. जवान कायम झाल्यावर त्याला पण आर्मी कॅडेट कॉलेजमधून ऑफिसर व्हायची सोय आहे, बारावी पास पाहिजे, वय २० ते २७.

सेंटरच्या ट्रेनिंगबद्दल तू विचारलंयस की कुठलं सोपं. सोपं कुठलंच नाही, वेगळं आहे. अग्निवीरचं सहा-सात महिन्यांत सगळं दाबून बसवलेलं असतं. पहिले काही आठवडे ड्रिल, पीटी, हत्यार ओळख, मग फायरिंग, फील्डक्राफ्ट, सेक्शनने हल्ला कसा करायचा, रात्रीचं चालणं, शेवटी कसम परेड. पहिल्या महिन्यात पोरं रडतात ती पीटीने नाही, घरच्या आठवणीने. रात्री दिवे गेले की बॅरेकमध्ये ऐकू येतं. आणि त्रास देतात ते पाय. नवीन बुटांनी टाचेला फोड येतात, पोरगा लाजेने सांगत नाही, मोजा रक्ताने चिकटतो, मग चार दिवस मेडिकल आणि मागं पडतो. म्हणून मी पोरांना घरूनच सांगून पाठवतो, जाड मोजे, नखं कापलेली, फोड आला की त्याच संध्याकाळी उस्तादला (शिकवणाऱ्याला) सांगायचं. एनडीएतून गेलास तर दोन्ही ॲकॅडमी मिळून चार वर्षं वेळ असतो, शरीर हळूहळू घडतं, पण डोक्याला विश्रांती नसते, एकाच दिवशी ड्रिल, पोहणं, क्लास, खेळ, आणि परीक्षा पण पास व्हायची.

भरती अकॅडमीवाल्यांबद्दल. सगळे वाईट नसतात. एकत्र पळायला पोरं मिळतात, वेळेवर उठायची सवय लागते, घरी वातावरण नसेल तर उपयोग होतो. पण कॉलेज सोडून वर्षभर राहायला सांगणारा माणूस तुझं नुकसान करतोय. ओरिजिनल सर्टिफिकेट कोणाकडेही ठेवायची नाहीत, झेरॉक्स दे. आणि जो कोणी पैसे घेऊन भरती करून देतो म्हणेल, ओळखीचा असला तरी, त्याच्यापासून लांब राहा. आता अग्निवीरची लेखी परीक्षा आधी ऑनलाइन होते, मराठीतून पण देता येते, मग मैदान, मग मेडिकल, लेखीचे आणि मैदानाचे मार्क मिळून मेरिट लागतं. मधे कोणाचा हात लागायची जागाच नाही, पैसे घेतलेला माणूस फक्त वाट बघतो, तू स्वतःच्या जोरावर लागलास तर ते त्याचे.

तुझ्या धावण्याचं बघू. अग्निवीरच्या मैदानात साडेपाच मिनिटांच्या आत आलास तर पूर्ण ६० मार्क, एक सेकंद वर गेला की ४८. हा १२ मार्कांचा खड्डा लेखीत भरून काढणं अवघड. ४०० मीटरचे चार राउंड धरले तर एका राउंडला ८२ सेकंद. पोरं काय करतात, गर्दीत पुढं राहायचं म्हणून पहिला राउंड सत्तरला मारतात, दुसऱ्यापर्यंत छाती भरते आणि तिसऱ्या राउंडला पाय सोडतात, तिथं दहा-बारा सेकंद जातात. तू घड्याळ लावून पहिला राउंड ८० च्या खाली जाऊच देऊ नको, तिसरा राउंड जाणूनबुजून जोर लावून मार, चौथा आपोआप निघतो. आठवड्यातून दोन दिवस ४०० चे तुकडे, एक दिवस लांब सावकाश पळणं, बाकी दिवस हलकं. नडगी दुखायला लागली तर थांब, दुखण्यावर पळून पोरं महिनाभर घरी बसतात. बीम (बारला लटकून वर जाणं) दहा काढता आले पाहिजेत, त्याचे ४० मार्क, आणि हनुवटी बारच्या वर गेल्याशिवाय मोजत नाहीत, म्हणून घरी अर्धवट काढून स्वतःला फसवू नको.

हे सगळं करायच्या आधी, म्हणजे या आठवड्यातच, एक मेडिकल करून घे. कुठल्याही रस्त्याने गेलास तरी मेडिकल चुकत नाही आणि वर्षभर तयारी करून पोरं तिथं गळतात. गुडघे चिकटतात का, तळपाय सपाट आहे का, कानात मळ, नाकाचं हाड, रंग ओळखता येतात का, पायाच्या शिरा, अंडकोषाच्या शिरा. यातल्या काही गोष्टी आधी कळल्या तर छोट्या ऑपरेशनने किंवा उपचाराने वेळेत बऱ्या होतात, काहींना उपाय नसतो, तो पण आत्ताच कळलेला बरा. टॅटू काढला नसशील तर काढू नको.

कागदांमध्ये दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख आणि नाव हेच धरलं जातं. आधारवर वडिलांच्या नावात एखादं अक्षर वेगळं असेल, आडनावाची स्पेलिंग वेगळी असेल तर ती आत्ता दुरुस्त करून घे, जाहिरात आल्यावर त्यासाठी वेळ पुरत नाही. डोमिसाइल आणि जातीचा दाखला तहसीलला आजच टाक. आणि मला तुझी दहावीच्या सर्टिफिकेटवरची नेमकी जन्मतारीख आणि घरी किती दिवस थांबता येईल एवढं कळव, एनडीएची एक परीक्षा बसते का दोन ते मी मोजून सांगतो, आणि मग वडिलांशी बोलायचं असेल तर मी पण बोलेन.